दोन दाते सैल

बाईसाहेबांच्या पोटातून पहिल्याच दिवशी चप्पल निघाली.

अख्खी नव्हे. टाचेकडचा निळा रबर होता, गोल कापलेला, मधोमध भोक पाडलेला. मागच्या शॉकअपच्या खालच्या टोकाला जिथे बुश, म्हणजे सांध्यातली गोल कडी असायला हवी, तिथे तो घट्ट बसवला होता. सून गाडीखाली उताणी पडली होती. तिने तो तुकडा उचकटून काढला, कपड्याने पुसला, आणि तरीही तिला कळेना की हे काय आहे. सहा वर्षं तिने एका मोठ्या गॅरेजात फक्त चाकं, ब्रेक आणि स्प्रिंगा हाताळल्या होत्या. बाळंतपणाच्या वेळी ते काम सुटलं, पण हात काही विसरले नव्हते, आणि असला निळा बुश त्या हातांनी कधी पाहिला नव्हता. शेवटी शेडच्या दारात उभ्या असलेल्या सासूबाईंनी तो मागून घेतला, उलटसुलट केला आणि शांतपणे सांगितलं, "ही माझी आहे. डाव्या पायाची. उजवी मी जपून ठेवलीय, म्हटलं सापडेल कधीतरी."

अण्णा, म्हणजे सासरे, खाकरले आणि झाडांना पाणी घालायला निघून गेले. झाडांना त्यांनी सकाळीच पाणी घातलं होतं.

बाईसाहेब म्हणजे अण्णांची गाडी. गोल डोळ्यांची, सायीच्या रंगाची, दारं लावताना घरातलं कपाट लावल्यासारखा आवाज करणारी. मुलगा जन्मायच्या आधी घेतलेली. मुलगा एकतीस वर्षांचा झाला, चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासू लागला, बाप झाला, तरी त्याला ती गाडी चालवायला मिळाली नव्हती. "तिला माझ्या हाताची सवय आहे," असं अण्णा म्हणत, आणि विषय संपे. अण्णा निवृत्त ग्रंथपाल. ग्रंथालयात एखाद्या पुस्तकाचा पुठ्ठा सुटला तरी त्यांना चैन पडत नसे. असा माणूस गाडीत चप्पल कशी बसवतो, हा सुनेला पडलेला पहिला प्रश्न. पुढे प्रश्नांची रांगच लागली.

ती गाडीखाली शिरली होती खारूसाठी. खारू तिची मुलगी, तीन वर्षांची व्हायला महिना बाकी, खारीसारखी तुरुतुरु म्हणून खारू. तिची बालवाडी तीन आठवड्यांनी सुरू होणार होती. अण्णांनी त्याआधी वर्षभर जाहीर करून ठेवलं होतं की नातीला बालवाडीत मी नेणार, बाईसाहेबांमधून, रोज. त्यांना निवृत्तीनंतर दुसरं काही नको होतं. हे एवढंच त्यांनी मागितलं होतं. सुनेने एकच अट घातली. ब्रेक आणि खालचा सगळा भाग तिच्या हातून गेल्याशिवाय खारू त्या गाडीत बसणार नाही. अण्णांनी किल्ली तिच्या हातात ठेवली तेव्हा त्यांचा चेहरा ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसलेल्या माणसासारखा झाला होता.

तर चप्पल निघाली. मग पुढची डावी स्प्रिंग दबलेली निघाली आणि तिच्या वेटोळ्यांत लाकडी ठोकळा ठोकलेला दिसला. मागच्या स्प्रिंगच्या पोलादी पाट्यांमधला एक पाटा भलत्याच कुठल्यातरी गाडीचा होता. ब्रेकचे लायनर झिजून कागद झाले होते. आणि सगळ्यांत शेवटी पुढच्या उजव्या चाकाकडे जाणारी ब्रेकची नळी दिसली. कुणीतरी ती पकडीत धरून चेपली होती, दुमडली होती आणि हातोडीने ठोकून बंद केली होती. त्या चाकाला ब्रेकच नव्हता. बाईसाहेब आजवर तीन चाकांवर थांबत होत्या.

सून गाडीखालून बाहेर आली आणि जमिनीवरच बसली. या गाडीतून तिची वरात निघाली होती. या गाडीतून ती बाळंत होऊन घरी आली होती, खारूला मांडीवर घेऊन.

तिने अण्णांना विचारलं तेव्हा त्यांनी काहीही लपवलं नाही. चष्मा पुसत एकेक सांगत गेले, आणि ते ऐकताना तिचा गोंधळ कमी व्हायचा तो वाढतच गेला. नळी चेपली ती मुलगा जन्मला त्या दिवशी. सासूबाई मागच्या सीटवर कळा देत होत्या, रस्त्यात त्या चाकाकडून ब्रेकचं तेल गळायला लागलं, पेडल तळाला गेलं, आणि वाटेतल्या एका मिस्त्रीने दोन मिनिटांत नळी बंद करून दिली. चप्पल बसवली ती मेहुणीच्या लग्नाला जाताना. लग्नघटिका टळत होती. ठोकळा घातला तो मुलाच्या परीक्षेच्या दिवशी. प्रत्येक वेळी ठरलं होतं की परत आलो की नीट करून घेऊ. परत आल्यावर गाडी चालतच होती.

"आणि पेडल?" तिने विचारलं. "ते तर दोनदा दाबल्याशिवाय लागतच नसेल."

अण्णा म्हणाले, त्यात काय विशेष, पहिल्यांदा सांगायचं, दुसऱ्यांदा बजावायचं. जणू सगळ्याच गाड्यांना असं दोनदा सांगावं लागतं.

खरं तर तिला राग यायला हवा होता. पण प्रत्येक जुगाडामागे घरातलंच कुणीतरी घाईत उभं होतं, रागवायचं कुणावर? तिने बाह्या सरसावल्या. खारू झोपली की शेडमध्ये, खारू उठली की घरात, असे दोन आठवडे गेले. नव्या नळ्या टाकल्या, चारही चाकांचे सिलिंडर बदलले, लायनर बसवले, स्प्रिंगांची जोडी आणली. त्या जुन्या मापाचे बुश मिळेनात तेव्हा बाजारातल्या लेथवाल्या काकांना माप देऊन कातून घेतले. ब्रेकमधली हवा काढायला सासूबाई पेडलवर पाय ठेवून बसल्या. खालून सून म्हणे, "दाबा," की त्या दाबत, आणि "सोडा," म्हटलं की म्हणत, "सोडलं, पण मला विचारशील तर ह्यांना सोडणं अवघड जाईल." सून खालून हसली. त्या वाक्याकडे तिने तेव्हा लक्ष दिलं नाही.

गाडी चाकांवर उतरली त्या दिवशी ती एका रेषेत उभी राहिली. इतकी वर्षं बाईसाहेब डाव्या खांद्यावर झुकलेल्या होत्या हे ती सरळ उभी राहिल्यावरच सगळ्यांना दिसलं. सुनेने ती मागच्या मोकळ्या मैदानावर नेली. तिथे पूर्वी वखारी होत्या, आता नुसता सपाट फरसबंदीचा चौक उरला होता. तिने वेग घेऊन ब्रेक दाबला. गाडी दोरीत ओवल्यासारखी सरळ थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि कुणी बघितलं नाही म्हणून तिने ते पुसलंही नाही.

मग अण्णा चालवायला बसले. शेजारी सासूबाई. सून खारूला घेऊन फाटकात उभी राहिली.

अर्ध्या तासाने गाडी परत आली ती गोगलगायीच्या चालीने. सासूबाई उतरल्या आणि पाणी प्यायला आत गेल्या. अण्णा किती वेळ उतरलेच नाहीत. उतरल्यावर त्यांनी किल्ली शेडमधल्या खिळ्याला अडकवली आणि फार हळू आवाजात सांगितलं की ब्रेक लावला की गाडी उजवीकडे झेप घेते. एकदा तर रस्त्याकडेच्या मोठ्या झाडाच्या बुंध्यापर्यंत गेली. वर असा झटका देते की हिचं डोकं पुढे आपटता आपटता राहिलं.

"तू बिघडवलीस असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "पण ही माझी गाडी नाही, सूनबाई."

तिने खिळ्यावरची किल्ली काढून पुन्हा हातात घेतली.

त्या दिवसापासून ती नुसती चक्रावून गेली. पुढची दोन्ही चाकं तिने पुन्हा खोलली. दोन्हीकडचे ब्रेक सारखे. सिलिंडर सारखे. डावं-उजवं चाक अदलून-बदलून पाहिलं, हवा मोजली, नळ्या बोटांनी चाचपल्या. स्वतः चालवली, सरळ. नवऱ्याला चालवायला दिली. तो पहिल्यांदाच त्या सीटवर बसला होता, त्यामुळे ब्रेकपेक्षा आरशात स्वतःलाच जास्त बघत होता, पण गाडी सरळ थांबली. अण्णांना पुन्हा बसवलं. गाडी उजवीकडे गेली. सुनेने डोकं खिडकीबाहेर काढून पुढच्या चाकावर नजर ठेवली होती, पण तिला चाक उजवीकडे वळलेलं तेवढं दिसलं, का वळलं ते कळलं नाही.

नवरा म्हणाला, बाईसाहेबांना आता कळलंय की त्यांच्या अंगाला दुसऱ्याचे हात लागलेत, त्या रुसल्यात. ती म्हणाली, तू तुझे चष्मे पुस. पण मनातून ती इतकी गोंधळली होती की क्षणभर तिने त्याचाही विचार केला. मग तिला वजनाची शंका आली. अण्णा तिच्यापेक्षा वीस किलोंनी भारी. तिने ड्रायव्हरच्या सीटमागे वाळूची पोती ठेवली आणि स्वतः चालवून पाहिली. सरळ. पोती डावीकडे ठेवली. तरीही सरळ. खारूला वाटलं, आई पोत्यांना फिरवायला नेते, म्हणून तिने बसायचा हट्ट धरला. सुनेने नाही म्हटलं, आणि मग आपणच दुरुस्त केलेल्या गाडीला आपण नाही म्हणतोय हे लक्षात येऊन तिने पोती खाली उतरवली.

बालवाडीला चार दिवस उरले होते. उरलेला एक संशय म्हणून तिने स्टिअरिंगच्या सांध्यातला एक बुश काढला आणि लेथवाल्या काकांकडे नेला. तो मापात चुकला असेल तर बरं होईल, असं तिला मनापासून वाटत होतं. निदान काहीतरी चुकलेलं सापडलं असतं. काकांनी व्हर्नियर लावला. माप अचूक होतं. ती काउंटरशी उभी राहून त्यांना सगळी कहाणी पहिल्यापासून सांगू लागली. खारू खाली लोखंडाच्या कुरळ्या किसाकडे टक लावून बसली होती, हात न लावता, कारण काकांनी तशी तंबीच दिली होती. काका ऐकत होते, आणि ऐकता ऐकता हसू लागले.

"ताई, पोरगी तर खाली बसलीय," ते म्हणाले. "तुम्ही कुणाला झोपवताय?"

सुनेने स्वतःकडे पाहिलं. तिची डावी कंबर बाहेर निघाली होती, डावा हात कोपरात वाकून रिकाम्या जागेला कवटाळून होता, आणि ती या पायावरून त्या पायावर संथ डोलत होती. कडेवर कुणी नव्हतं. किती वेळ ती अशी डोलत होती, देव जाणे. तीन वर्षांत शरीराने ठरवून टाकलं होतं की उभं राहायचं म्हणजे असं.

ती लाजली, हसली, आणि मधेच थांबली. काकांना वाटलं हिला वाईट वाटलं. ती बुश काउंटरवरच विसरून निघाली. काकांना तिच्या मागे धावावं लागलं.

संध्याकाळी तिने बुश जागेवर बसवला आणि अण्णांना मैदानावर नेलं. या वेळी तिने खिडकीबाहेर डोकं काढलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती गाडी सोडून माणूस तपासत होती. अण्णांचे हात स्टिअरिंगवर निवांत होते, ग्रंथालयातलं रजिस्टर धरल्यासारखे. मग त्यांनी ब्रेककडे पाय नेला. पाय पेडलला लागायच्याही आधी उजव्या हाताची बोटं आवळली, मनगट खाली गेलं, आणि स्टिअरिंग बोटभर उजवीकडे ओढलं गेलं. पाठोपाठ पायाने दोनदा दाबलं. गाडीने ऐकलं. अण्णांचा चेहरा मात्र समोर, अगदी सरळ, रस्त्यावर. त्यांना काही पत्ताच नव्हता.

एकतीस वर्षं बाईसाहेब ब्रेक लावला की डावीकडे ओढायच्या. एकतीस वर्षं अण्णांच्या हातांनी त्यांना आधीच उजवीकडे धरून ठेवलं होतं.

तिने गाडी अगदी हळू चालवायला सांगितली आणि ब्रेक लावताना हात मांडीवर ठेवायला सांगितले. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, पण तिच्यावरच्या विश्वासाने ठेवले. एकदाच दाबायचं, असंही तिने सांगितलं. गाडी सरळ थांबली. पुन्हा केलं. सरळ. मग हात स्टिअरिंगवर ठेवून केलं, उजवीकडे. पाचव्या खेपेला तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. अण्णांनी दोन्ही हात उलटे करून तळवे पाहिले, जणू त्यांवर कुणीतरी काहीतरी लिहून ठेवलं असावं. परत येताना ते मागच्या सीटवर बसले. त्या गाडीच्या मागच्या सीटवर ते कधीच बसले नव्हते, त्यामुळे दार आतून कसं उघडतं तेही त्यांना माहीत नव्हतं.

दोन दिवस घरात तो विषय कुणी काढला नाही. सुनेला उत्तर सापडलं होतं, आणि तरी तिचा गुंता सुटला नव्हता. बिघाड काढायला ती गाडीखाली शिरली होती. सगळे काढले, आणि जो उरला तो कुठल्या पान्याने काढायचा? आणि त्याला बिघाड तरी का म्हणायचं? त्याच हातांनी तर सगळ्यांना सुखरूप घरी आणलं होतं. तिलाही.

रविवारी दुपारी खारू झोपल्यावर अण्णा शेडमध्ये आले. हत्यारांच्या फळीकडे बघत राहिले. मग विचारलं, की मुद्दाम थोडीशी डावीकडे ओढेल अशी करता येते का.

ती पुसत असलेला पाना तिच्या हातात तसाच राहिला. कारण हा विचार तिच्याही मनात येऊन गेला होता. एकदा नव्हे, दोन रात्री. आदल्या दिवशी सकाळी तर ती पुढच्या उजव्या चाकाशी बसलीही होती. आत ब्रेक घट्ट-सैल करायची दातेरी चकती असते. ती दोन दाते मागे फिरवली की उजवा ब्रेक उशिरा लागला असता, गाडी डावीकडे ओढली असती, अण्णांच्या हातांनी तिला सरळ धरलं असतं, आणि सगळे सुखी. तिने स्क्रू-ड्रायव्हर चकतीला लावलाही होता. तेव्हा तिला कळलं की रस्त्यात नळी चेपणारा तो मिस्त्री असाच बसला असेल, वाईट माणूस नव्हे, फक्त समोरच्याची अडचण बघवत नसलेला. तिने हात मागे घेतला. पण हात मागे घेतला ते बरोबर केलं की नाही, हे तिला अजून कळलं नव्हतं.

"येते," ती म्हणाली. खोटं तिला बोलता आलं नाही. "पंधरा मिनिटांचं काम आहे. दोन दाते सैल."

अण्णांचा चेहरा उजळला.

"पण मग खारू तिच्यात बसणार नाही, अण्णा."

त्यांनी मान हलवली, होय म्हणून की ऐकलं म्हणून, ते तिला समजलं नाही. जाताना त्यांनी फळीवरचा एक वाकडा ठेवलेला पाना नीट रांगेत लावला.

सोमवारी सकाळी खारू तयार होऊन सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसली. मागच्या सीटवर सुनेने तिच्यासाठी पट्ट्यांची छोटी खुर्ची पक्की बसवली होती. नवऱ्याने जाता जाता तिचे पट्टे लावून दिले आणि दुकानाची वेळ झाली म्हणून तो निघून गेला. त्याला वाटलं सगळं ठरलंय. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. खिळ्यावरची किल्ली त्यांनी कधी घेतली, तिने पाहिलं नव्हतं. ते स्टिअरिंगवर बसले, दार लावलं, आणि बाईसाहेब सुरू झाल्या.

सून फाटकात उभी होती. एक शब्द बोलायचा होता, थांबा, एवढाच. रस्ता फक्त सहा गल्ल्यांचा. अण्णा हळू चालवतात. वर्षभर त्यांनी या सकाळची वाट पाहिली. आणि सहा गल्ल्यांत एखादं कुत्रं आडवं आलं, पाय पेडलकडे गेला, तर? तिने फाटकाची कडी घट्ट धरली. ती फाटक उघडण्यासाठी धरली की बंद ठेवण्यासाठी, तिलाही सांगता आलं नसतं.

अण्णांनी गिअर टाकला नाही. इंजिन चालू ठेवून ते नुसते बसले होते. मग त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला. गाडी जागेवरच उभी होती, तरी स्टिअरिंग किंचित उजवीकडे गेलं. त्यांनी ते पाहिलं. पाय उचलला, पुन्हा ठेवला. पुन्हा गेलं.

इंजिन बंद झालं. ते उतरले, फिरून मागच्या दाराशी आले आणि खारूचे पट्टे सोडवू लागले. पट्ट्याची कळ त्यांना सापडेना. खारूनेच ती दाबून दाखवली, आणि मग आपण खाली उतरवले जातोय हे लक्षात आल्यावर तिने भोकाड पसरलं. आजोबांनी गाडीने नेतो म्हटलं होतं. सगळ्यांना सांगितलं होतं. समोरच्या काकूंनासुद्धा.

"म्हटलं होतं," अण्णा म्हणाले. "आजोबांचे हात अजून दुरुस्तीला आहेत. आज पायी."

खारूने रडणं थांबवून त्यांचे हात तपासले, पुढून आणि मागून, कुठे लागलंय ते शोधत. काही दिसलं नाही तरी तिने एका बोटावर फुंकर घातली आणि तेच बोट धरलं.

फाटकातून जाताना त्यांनी किल्ली सुनेच्या हातात ठेवली. तिच्याकडे न बघता सांगितलं, की संध्याकाळी मैदानावर यायचं, तिने शेजारी बसायचं, आणि हात उजवीकडे गेला की सरळ चापट मारायची, सासरा आहे म्हणून हयगय करायची नाही. किती दिवस लागतील, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं. एकतीस वर्षांना किती दिवस लागतात, हे कुठल्या गॅरेजात शिकवतात?

दोघं रस्त्याला लागले. खारू मधेच थांबून खडा उचलायची, अण्णाही थांबायचे.

आतून सासूबाईंनी विचारलं, गेले का. ती म्हणाली, गेले.

"गाडी निघाल्याचा आवाज आला नाही तो," सासूबाई बाहेर येत म्हणाल्या. अंगणात बाईसाहेब उभ्या, मागचं दार सताड उघडं. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. "का गं? नीट झालीय ना ती?"

"झालीय," सून म्हणाली.

"मग?"

तिने जाऊन गाडीचं दार लावून घेतलं.